विहिरीच्या पाण्यावरील फिशटँकमधील वनस्पती ऑगस्टपासून खंगत आहेत

विहिरीकाठी · ९ सप्टेंबर

नमस्कार. आमचे घर रत्नागिरीच्या दक्षिणेला, कातळसड्याच्या (जांभ्या खडकाच्या पठाराच्या) उतारावर आहे. यंदा एप्रिलच्या मध्यावर मी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा फिशटँक मांडला. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात सुमारे ११० लिटर पाणी राहते. तळाशी चाळलेल्या जांभ्याच्या मातीचा बोटभर थर असून त्यावर धुतलेली नदीची वाळू दोन इंच पसरली आहे. किनाऱ्यावरची वाळू वापरू नये असे सर्वांनी बजावल्यामुळे ती टाळली. एलईडी दिवा रोज आठ तास चालतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. मासे म्हणजे दहा-बारा गप्पी आणि सहा झेब्रा डॅनिओ.

मे आणि जून या दोन महिन्यांत व्हॅलिसनेरियाने मागची सगळी काच झाकून टाकली होती आणि हायग्रोफिला तर दर पंधरा दिवसांनी छाटावी लागत होती. ऑगस्टपासून मात्र सारे बिघडले. हायग्रोफिलाच्या खालच्या, जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात, भोकाभोवती पिवळी कड येते आणि पुढे ते पान जाळीदार होऊन गळते. अ‍ॅमेझॉन सोर्डची जुनी पाने बरी आहेत, पण मधून येणारे प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा लहान, फिकट आणि टोकाशी पिळवटलेले निघते. व्हॅलिसनेरियाची पाने शेंड्याकडून काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळत आहेत. जावा फर्नच्या पानांखाली काळ्या ठिपक्यांच्या रांगा दिसतात.

दुकानदाराच्या सल्ल्याने तीन आठवडे लोहाचे द्रव खत घालत आहे आणि महिनाभरापासून बाटलीतला द्रव कार्बनही रोज देतो. दोन्हींचा गुण आलेला नाही. माशांना काही त्रास दिसत नाही. गोगलगायींच्या शंखांची टोके पांढरी पडली आहेत, परंतु ते वयामुळे असावे.

अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

माडबाग · ९ सप्टेंबर

नवी पाने फिकट येणे हे लोहाच्या कमतरतेचे पहिले लक्षण समजले जाते. माझ्याकडे गुहागरला हाच अनुभव आला होता आणि लोहाची मात्रा दुप्पट केल्यावर तीन आठवड्यांत सोर्ड हिरवीगार झाली. बाटलीवर लिहिलेली मात्रा पुष्कळदा कमी पडते, तेव्हा आपणही ती वाढवून पाहावी.

पाणथळ · १० सप्टेंबर

माडबाग यांचा अनुभव खरा असेल, तरीही येथे लोह वाढवू नये असे माझे मत आहे. त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगतो.

वनस्पती आजारी दिसली की आधी कोणते पान आजारी आहे ते पाहावे, जुने की नवे. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती आपल्या अंगात इकडून तिकडे हलवू शकते, म्हणून त्यांची चणचण झाली की ती जुन्या पानांतून ती काढून शेंड्याला पुरवते आणि हाल जुन्या पानांचे होतात. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की तेथून फारसे हलत नाहीत, त्यामुळे त्यांची उणीव नव्या पानात उमटते. आपल्या टाकीत दोन्ही टोकांना दुखणे आहे, म्हणजे एकाच बाटलीने ते बरे होण्याची आशा धरू नये.

जुन्या पानांना पिवळ्या कडेची भोके, आणि तीही हायग्रोफिलात, हे पोटॅशियम कमी पडल्याचे इतके ओळखीचे चित्र आहे की त्यावर मी वेळ घालवत नाही. माशांच्या खाद्यातून आणि विष्ठेतून नायट्रोजन व फॉस्फरस टाकीत पडत राहतात. पोटॅशियम त्या मानाने फारच थोडे पडते आणि जोमाने वाढणारी हायग्रोफिला ते लवकर संपवते.

सोर्डच्या नव्या पानाचे प्रकरण अधिक विचार करण्यासारखे आहे. लोह कमी असते तेव्हा पान फिकट होते, पुष्कळदा शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असा दिसतो, पण पानाचा घाट शाबूत राहतो. आपण लिहिता की पान पिळवटलेले आणि लहान येते. घाटच मोडतो तेव्हा संशय कॅल्शियमवर जातो, कारण पेशींच्या भिंती बांधण्यासाठी ते लागते आणि नवे पान तर भिंती बांधण्याच्याच कामात असते. कॅल्शियमची खरी टंचाई फिशटँकमध्ये क्वचितच पाहायला मिळते, कारण बहुतेक ठिकाणच्या पाण्यात ते पुरेसे असते. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मात्र या 'बहुतेक ठिकाणां'त मोडत नाही. जांभा म्हणजे युगानुयुगांच्या पावसाने ज्या खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम धुऊन नेले आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम मागे ठेवले, तो उरलेला भाग. त्यातून झिरपून विहिरीत उतरणाऱ्या पाण्याला विरघळवून घेण्यासाठी तेथे फारसे काही शिल्लकच नसते. लोहाचे म्हणाल तर तुमच्या वाळूखाली बोटभर जांभाच आहे; सोर्डसारखी मुळांवर जगणारी वनस्पती तेथून लोह मिळवू शकते आणि म्हणूनच जांभ्याची माती फिशटँकच्या तळाशी घालण्याची पद्धत पडली आहे.

आता गोगलगायींविषयी. शंखाचे टोक हा शंखाचा सर्वांत जुना भाग असतो, त्यामुळे थोडी झीज वयामुळे होऊ शकते हे खरे. परंतु सगळ्यांचीच टोके एकाच सुमारास पांढरी पडली असतील, तर पाणी त्यांच्या शंखातला चुना खात आहे असे समजावे. तुमच्या पत्रातील हे वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे, पण मला निदान तेथेच सापडले.

कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात. मे-जूनमध्ये टाकीत कोणते पाणी होते आणि आता कोणते आहे? टीडीएस मीटर असल्यास दोन्ही पाण्यांचे आकडे द्यावेत. त्या आकड्यावरून एकूण विरघळलेले क्षार कळतात, ते कोणते आहेत हे कळत नाही. खाडीलगतच्या विहिरीत उन्हाळ्यात ४०० आकडा आला तर तो मिठाचाही असू शकतो. म्हणून जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) आणि केएच (बायकार्बोनेटचे प्रमाण) मोजण्याचे थेंबांचे किट मागवावे. ते येईपर्यंत घरातली परीक्षा आहेच: साबणाला फेस कसा येतो आणि तूरडाळ किती वेळात शिजते, ते पाहावे.

खाडीपलीकडे · १० सप्टेंबर

वरील विवेचनाशी सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

द्रव कार्बन आजच बंद करावा. या बाटल्यांत बहुधा ग्लुटराल्डिहाइड किंवा त्याच्या जातीचे द्रव्य असते. शेवाळ मारण्यासाठी ते उपयोगी पडते, पण व्हॅलिसनेरियाला ते सोसत नाही आणि तिची पाने नेमकी आपण वर्णन करता तशी पारदर्शक होऊन विरघळतात. भरीला, व्हॅलिसनेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकणारी वनस्पती आहे. मृदू पाण्यात बायकार्बोनेटच नसते, म्हणजे तिच्या तोंडचा घास आधीच गेला होता आणि त्यावर हे औषध पडले. मुळे पांढरी व घट्ट असतील तर उपटून टाकू नये, ती पुन्हा फुटते.

जावा फर्नच्या पानाखालचे काळे ठिपके रांगेत आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे असतील, तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत. त्याला रोग म्हणून पाने कापणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, एकेकाळी मीही कापली. फक्त तिचे आडवे खोड वाळूत पुरलेले नाही ना, तेवढे बघावे. ते पुरले की कुजते. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधून ठेवावे.

विहिरीकाठी · १३ सप्टेंबर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल आभारी आहे. द्रव कार्बन बंद केला आहे. जावा फर्नचे ठिपके रांगेतच आहेत आणि तिचे खोड दगडालाच बांधलेले आहे.

पाण्याचा प्रश्न वाचला आणि मी चमकलो. एप्रिलमध्ये आमची विहीर तळाला गेली होती, म्हणून टाकी शेजारच्या बोअरच्या पाण्याने भरली आणि जूनअखेरपर्यंत पाणी तेथूनच बदलत राहिलो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात विहीर भरल्यावर आमचे पाणी सुरू केले. पिण्यासाठी ते वाडीत सर्वांत गोड समजले जाते, त्यामुळे त्याच्यावर संशय घेण्याचे मनातही आले नाही. मीटरवर बोअरच्या पाण्याचा आकडा २९० आला, विहिरीच्या पाण्याचा ३४ आणि टाकीतल्या पाण्याचा ७१.

साबणाची परीक्षा करण्याची गरजच पडली नाही. शेजारच्या काकूंना विचारले, तर बोअरच्या पाण्यात डाळ बोटचेपी होत नाही आणि भांड्यांना पांढरे डाग राहतात, म्हणून त्या वर्षानुवर्षे स्वयंपाकाला आमच्या विहिरीचे पाणी नेत आहेत. चवीला बोअरचे पाणी खारट लागत नाही.

तीन शंका आहेत. घरी आंब्यावर फवारण्यासाठी आणलेले १३:०:४५ खत पडून आहे, ते पोटॅशियमसाठी चालेल का? तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) शिंपा टाकीत घातल्या तर कॅल्शियम मिळेल का? आणि शिंपल्यांचा चुना घरात आहे, त्याची चिमूट घातली तर काम लवकर होईल का?

पाणथळ · १४ सप्टेंबर

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो: चुना मुळीच घालू नये. तो पाण्याचा सामू (पीएच) एका झटक्यात वर नेतो. आपल्या मृदू, आम्लधर्मी पाण्यात अमोनियाचे विघटन करणारे जिवाणू मंदावलेले असतात आणि साचलेला नायट्रोजन अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असू शकतो. सामू अकस्मात चढला की त्याचाच विषारी अमोनिया होतो आणि मासे सकाळी पृष्ठभागावर हापसताना दिसतात. सुधारणा हळूहळूच व्हायला हवी.

शिंपा चालतील. उकळून, मांसाचा कण न ठेवता घासून, उन्हात वाळवून मूठभर शिंपा फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत ठेवाव्यात. पाणी आम्लधर्मी असेतो त्या विरघळतात आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट दोन्ही देतात. वेग मात्र गोगलगायीचाच असतो, त्यामुळे त्यांना मुख्य उपाय मानू नये. मॅग्नेशियमही त्यांतून नगण्यच मिळते.

मुख्य उपाय आपल्या कुंपणापलीकडे आहे. डाळ न शिजणे आणि भांड्यांवर पांढरे डाग, या दोन खुणांवरून बोअरचा २९० हा आकडा बहुतांशी कॅल्शियम-मॅग्नेशियमचा आहे असे मानायला हरकत नाही. बोअर जांभ्याच्या खाली काळ्या खडकात उतरलेले असते आणि ते पाणी वेगळ्याच खडकातून येते. आठवड्यातून दोनदा ३० लिटर पाणी बदलावे आणि नव्या पाण्यात निम्मे बोअरचे, निम्मे विहिरीचे ठेवावे. या गतीने दोन आठवड्यांत टाकीतले सुमारे सत्तर टक्के पाणी नवे होईल आणि माशांना धक्का बसणार नाही. जीएच ४ ते ६ अंशांवर आला की थांबावे. गप्पींनाही हेच पाणी मानवते, तेही मुळात कठीण पाण्याचे मासे आहेत.

बोअरचे पाणी मिळण्यासारखे नसेल, तर ३० लिटर विहिरीच्या पाण्यात २.६ ग्रॅम शुद्ध जिप्सम आणि १.५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून घालावे, म्हणजे त्या पाण्याचा जीएच सुमारे ४ अंशांनी वाढेल. जिप्सम आळशी आहे, एका लिटरमध्ये ते जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम विरघळते. म्हणून ते तांब्यात न कालवता आदल्या रात्री पूर्ण बादलीभर पाण्यात टाकून अधूनमधून ढवळावे. जिप्समने केएच वाढत नाही. त्यासाठी याच ३० लिटरला १.८ ग्रॅम खायचा सोडा पुरे, त्याने केएच २ अंशांनी वाढतो.

आता १३:०:४५. ते पोटॅशियम नायट्रेट आहे, त्यामुळे पोटॅशियमबरोबर नायट्रेटही येणार. १०० लिटरला १.६ ग्रॅम घातल्यास नायट्रेट १० पीपीएमने (लिटरमागे १० मिलिग्रॅमने) आणि पोटॅशियम ६ पीपीएमने वाढते. आपल्याकडे अठरा मासे आहेत, तेव्हा आधी नायट्रेट मोजावे. ते शून्याजवळ असेल तर हेच खत उत्तम, २० च्या पुढे असेल तर त्याऐवजी कृषी सेवा केंद्रातून ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट आणावे. त्याचे २२ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावेत आणि त्यातले १०० मिलिलिटर द्यावेत, म्हणजे १०० लिटर पाण्यात पोटॅशियम १० पीपीएमने वाढते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन ग्रॅम नीट मोजले जात नाहीत, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. पुडीवर शुद्ध ०:०:५० असल्याची खात्री करून घ्यावी. तेथेच मिळणारे सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण मात्र आणू नये. त्यातले तांबे आणि जस्त बागेला हितकारक असले तरी गोगलगायींच्या जिवावर उठते.

लोह सध्या थांबवावे. आणि भोके पडलेले पान भरून येत नाही, त्याच्याकडे पाहून निराश होऊ नये. आज सोर्डच्या सर्वांत नव्या पानाला सैलसा दोरा बांधून ठेवावा. त्यानंतर उगवणाऱ्या पानांवरून गुण आला की नाही हे ठरवावे.

माडबाग · १४ सप्टेंबर

एक दुरुस्ती करणे माझे कर्तव्य आहे. माझा फिशटँक संपूर्ण बोअरच्या पाण्यावर चालतो, हे मी पहिल्या उत्तरात लिहायला हवे होते. माझ्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास असतो. अशा पाण्यात साध्या ईडीटीए प्रकारच्या खतातले लोह टिकत नाही, निरुपयोगी होऊन खाली बसते, म्हणून मला मात्रा वाढवावी लागली असणार. वरील चर्चा वाचल्यावर आता मी डीटीपीए प्रकारचे लोह मागवत आहे, जे अशा पाण्यात अधिक तग धरते.

खाडीपलीकडे · १५ सप्टेंबर

ऑक्टोबरच्या उन्हाकडेही लक्ष असू द्यावे. पाणी ३० अंशांच्या वर गेले की त्यात वायू कमी विरघळतात. २५ अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५ च्या जवळपास. झाकण काढून पृष्ठभागावरून लहान पंखा सोडावा. आपल्या दमट हवेत तो घाटमाथ्याइतका गारवा देत नाही, पण एखाद-दुसरा अंश उतरतो. पंखा चालू असताना उडून गेलेल्या पाण्याच्या जागी विहिरीचेच पाणी घालावे, बोअरचे नव्हे, कारण पाणी उडते तेव्हा क्षार मागेच राहतात.

विहिरीकाठी · २ नोव्हेंबर

सात आठवड्यांनी अहवाल देत आहे.

किट आल्यावर पहिले मोजमाप केले तेव्हा टाकीचा जीएच १ ते २ च्या दरम्यान आणि केएच जेमतेम १ होता. नायट्रेट २५ निघाले, म्हणून १३:०:४५ आंब्यासाठीच ठेवले आणि ०:०:५० आणले. काकूंनी बोअरच्या पाण्याला आनंदाने होकार दिला. त्या आमच्याकडून स्वयंपाकाचे पाणी नेतात आणि परतताना त्याच कळशीतून आमच्यासाठी बोअरचे आणतात. 'आमचं भांड्यांवर डाग पाडणारं पाणी तुमच्या माशांना एवढं कसं आवडतं', असे त्यांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा मला नीट सांगता आले नाही.

आज जीएच ५ आणि केएच ४ आहे. व्हॅलिसनेरिया सप्टेंबरअखेर जवळजवळ बोडकी झाली होती, पण मुळे पांढरी असल्यामुळे ती तशीच राहू दिली. आता वीतभर पाने आली असून तीन धावते कोंब पुढच्या काचेपर्यंत पोचले आहेत. हायग्रोफिलाची भोकाची पाने छाटली, वरच्या चौदा-पंधरा पानांत एकही भोक नाही. सोर्डच्या ज्या पानाला दोरा बांधला होता ते तसेच वाकडे आहे. त्यानंतरचे पहिले पानही थोडे मुरडलेले निघाले आणि त्या आठवड्यात मी धीर सोडून पुन्हा लोहाची बाटली हातात घेतली होती, हे कबूल करतो. दुसरे पान सरळ आले. तिसरे आणि चौथे तळहाताएवढे रुंद आहे. रंग किंचित फिकट आहे, पण शिरांमध्ये पिवळेपणा नाही, म्हणून अजून काही घातलेले नाही.

गोगलगायींच्या शंखांची टोके पांढरीच राहिली आहेत. तोंडाकडची नवी कड मात्र गडद तपकिरी आणि गुळगुळीत वाढली आहे, आणि जुन्या-नव्या शंखाच्या मध्ये नखाने चाचपता येईल अशी एक रेघ उमटली आहे.